घरच्या उजेडांतला चेहरा

छायाचित्र हा शब्द मनाला विचार करावयास लावणारा आहे. जें चित्र सर्वस्वीं प्रकाशानें काढलें जातें, त्याला मराठीनें नांव दिलें तें छायेचें. युरोपीय भाषांनीं या विद्येला प्रकाशलेखन म्हटलें. आपली दृष्टि गेली ती सावलीकडे. पण विचार करूं जातां मराठी नांवांतच अधिक मर्म आहे. चेहरा कागदावर उठतो तो केवळ त्यावर उजेड पडतो म्हणून नव्हे, तर त्या उजेडाला कोठें तरी सावलीची कड लागते म्हणून. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणींतून पाहिला तर थाळीसारखा सपाट भासतो. अष्टमीच्या चंद्रावरचे डोंगर आणि खळगे मात्र स्पष्ट दिसतात. कारण अष्टमीस उजेड बाजूनें येतो. माणसाच्या चेहऱ्याचेंही असेंच आहे. समोरून भडक उजेड पडला कीं नाक, गाल आणि हनुवटी एकाच पातळीवर येतात. तोच उजेड कडेनें आला कीं चेहऱ्याला घडण येते. व्यक्तिचित्रणाची सारी कला या एका गोष्टींत सांठवलेली आहे, आणि ती शिकण्यासाठीं मोठी शाळा लागत नाहीं, एक दार पुरतें.

कुडाळ तालुक्यांत कर्ली नदीच्या कांठीं वालावल नांवाचें गांव आहे. लक्ष्मीनारायणाचें देऊळ, त्याच्या शेजारचें विस्तीर्ण तळें आणि माडापोफळींच्या गर्द छायेंत दडलेलीं चिऱ्यांचीं घरें यांमुळें तो गांव पाहणाराच्या मनांत ठसतो. अशा गांवांतल्या जुन्या घरांत ओटीच्या भिंतीवर बहुधा तसबिरींची एक ओळ असते. देवादिकांच्या चित्रांशेजारीं घरच्या वडील माणसांचे फोटो टांगलेले असतात. ते नीट निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानांत येते. आजोबा मुंबईस चाकरीला असतांना कोठल्याशा स्टुडिओंत उभे राहिलेले असतात. मागें रंगविलेला राजवाडा, शेजारीं कागदी फुलांची कुंडी, आणि अंगावरचा कोट त्यांचा स्वतःचाच असेल अशी खात्री नसते. आजीचा फोटो तर पुष्कळदां स्वतंत्र नसतोच. कोणाच्या तरी लग्नांतल्या समुदायाच्या फोटोमधून तिचा चेहरा उचलून तो मोठा केलेला असतो, त्यावर हातानें रंग भरलेला असतो, आणि हें सारें तिच्या मृत्यूनंतर, तेराव्याच्या आंत घाईनें उरकलेलें असतें. नातवंडांना आजी म्हणून जी दिसते, ती अशी कुणा परक्या कारागिरानें तर्कानें रंगविलेली आजी होय.

असें कां झालें, आणि आजच्या कुटुंबांना तें टाळतां येईल कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासांत सांपडतें.

१८३९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत फ्रेंच सरकारनें दागेर यांची प्रकाशचित्रें काढण्याची रीत जगाला जाहीर केली. त्यानंतर दोन वर्षांनीं इंग्लंडांत टॅल्बट यांनीं कागदावर उलट चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ति आपल्या नांवें नोंदविली. परंतु सामान्य माणसाच्या चेहऱ्यापर्यंत ही विद्या पोंचली ती १८५१ नंतर. त्या वर्षीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं ओल्या काचेची पद्धति प्रसिद्ध केली व तिच्यावर कोणताही हक्क राखून ठेवला नाहीं. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतावा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी आणि वाळण्यापूर्वीं धुवून काढावी, असा हा क्रम होता. मुंबईच्या उन्हाळ्यांत त्यांतला ईथर भराभर उडून जाई, आणि छायाचित्रकाराची तारांबळ उडे.

तरीही ही विद्या आपल्याकडे लौकर रुजली. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली; हिंदुस्थानांतली अशा प्रकारची ती पहिलीच होय. तिच्या सभासदांत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजींचा जन्म पेडणें महालांतल्या मांद्रें गांवचा, म्हणजे दक्षिण कोंकणच्या याच मुलखांतला. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत ते होते. त्यांचे बंधु नारायण दाजी हेही वैद्य, आणि तेही कॅमेरा हातीं धरणारे. रसायनांची रोजची ओळख असलेल्या वैद्यांना ही कला जवळची वाटली यांत नवल नाहीं. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथें शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत स्वतःचा धंदा थाटला. छायाचित्रण ही साहेबाची विद्या, ती आपल्या घरांत अलीकडे आली, ही समजूत त्यामुळें खरी ठरत नाहीं. दागेरनंतर अवघ्या सोळा वर्षांनीं मराठी विद्यार्थी ती वर्गांत बसून शिकत होते.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे काचेची एक खोली असे. विजेचे दिवे नव्हते. सारा व्यवहार आकाशाच्या उजेडावर चाले. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर छपराचा एक भाग आणि उत्तरेकडची भिंत काचेची करीत. युरोपांत उत्तरेकडून ऊन कधीं आंत येत नाहीं. येतो तो केवळ आकाशाचा मऊ, स्थिर उजेड. चित्रकारांना ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक होती. रेम्ब्रांनें १६३९ सालीं ॲमस्टरडॅममध्यें जें घर विकत घेतलें, त्यांतली त्याची चित्रशाळा उत्तरेच्या खिडक्यांचीच होती. काचेखालीं दोऱ्यांवर पातळ मलमलीचे पडदे लावलेले असत. ते पुढेंमागें सारून छायाचित्रकार उजेड कमीजास्त करी. बसणाराच्या एका बाजूस पांढरा पडदा उभा करून सावलींत थोडा उजेड परत टाकीत. डोकें हलूं नये म्हणून मानेमागें लोखंडी आधार लावीत. जुन्या फोटोंतल्या माणसांचे चेहरे ताठ आणि गंभीर दिसतात त्याचें एक कारण त्यांचा स्वभाव नसून हा आधार होय.

मागें रंगविलेला पडदा लावण्याची चालही याच काळांतली. विल्यम जॉन्सन यांनीं मुंबईंत राहणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे फोटो १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केले. त्यांतल्या पुष्कळ चित्रांत माणसें एका ठिकाणीं टिपलीं, आणि मागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून आणून जोडला. ग्रंथ मोठा मोलाचा आहे. परंतु माणसाला त्याच्या घरांतून उचलून परक्या देखाव्यापुढें उभें करावयाचें, ही स्टुडिओची वृत्ति त्यांत उघड दिसते.

आतां या कलेंतल्या एका मोठ्या दोषाकडे वळलें पाहिजे. तो दोष माणसाचा नसून काचेचा होता. जुन्या काचांना सारे रंग सारखे दिसत नसत. निळा उजेड त्यांना लागलीच कळे; पिवळा फारच थोडा, आणि तांबडा जवळजवळ मुळींच नाहीं. त्यामुळें निळें लुगडें फोटोंत पांढुरकें येई, कपाळावरचें लालभडक कुंकू काळें पडे, आणि सांवळा किंवा गव्हाळ चेहरा डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी काळा उमटे. ज्यांच्या त्वचेंत तांबूस व पिवळ्या छटा अधिक, त्यांच्यावर काचेचा हा अन्याय अधिक. १८७३ सालीं बर्लिनच्या फोगेल यांनीं काचेच्या थरांत विशिष्ट रंग मिसळून तिला हिरव्यापिवळ्या उजेडाची जाणीव आणतां येते हें दाखविलें. सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारांत आल्या त्या १९०६ च्या सुमारास, आणि सर्वत्र रूढ होण्यास त्यानंतरही बराच काळ लागला.

काचेनें चेहरा काळा केला, तेव्हां तो गोरा करण्याचें काम पेन्सिलीकडे आलें. उलट चित्राच्या काचेवर बारीक पेन्सिलीनें रेघा मारल्या कीं तेवढा भाग छापतांना उजळ येतो. या कामाला स्टुडिओंत रिटचिंग म्हणत, आणि तें करणारा कारागीर छायाचित्रकाराइतकाच महत्त्वाचा असे. त्याची पेन्सिल प्रथम काचेची चूक दुरुस्त करी. पण तेथें ती थांबत नसे. कपाळावरच्या आंठ्या जात, देवीचे व्रण जात, उन्हातान्हांत राबलेल्या गालांचा रापलेपणा जाई. शेवटीं जो चेहरा हातीं येई तो ना काचेचा, ना माणसाचा. गिऱ्हाईक खुष होई, यांत शंका नाहीं. परंतु पुढच्या पिढीला आपला पूर्वज कसा दिसे हें कळण्याचा मार्ग मात्र बंद झाला.

हा दोष काचेबरोबर संपला असेंही नाहीं. रंगीत फोटोंचा काळ आल्यावर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या दुकानांना रंग जुळविण्यासाठीं एका गोऱ्या स्त्रीचा नमुना फोटो पुरवीत असे. अशा नमुन्याला 'शर्ली' असें नांव पडलें होतें. तिचा वर्ण बरोबर आला कीं यंत्र बरोबर समजावयाचें, मग इतरांच्या चेहऱ्याचें कांहीं का होईना. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे नमुने आले ते १९९० नंतरच्या दशकांत. आणि आज खिशांतल्या फोनमध्यें जें चेहरा गुळगुळीत व उजळ करून देणारें साधन आहे, तें म्हणजे त्या जुन्या पेन्सिलीचाच नवा अवतार आहे. फरक इतकाच कीं पूर्वीं पेन्सिल दुसऱ्याच्या हातांत होती, आज ती बंद करणें आपल्या हातांत आहे.

स्टुडिओच्या या वाटेला समांतर अशी दुसरी एक वाट पहिल्यापासून होती, आणि ती घरांतून जाणारी होती. कलकत्त्यास जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना १८६३ च्या डिसेंबरांत त्यांच्या मुलीनें कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें, आणि त्या इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटावर राहत होत्या. त्यांनीं घरच्या कोळशाच्या खोलीची अंधारखोली केली, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला कांचा बसवून त्याचा स्टुडिओ केला. बसावयास घरचींच माणसें, शेजारचीं मुलें, मोलकरणी आणि भेटीला येणारे थोर विद्वान् असत. त्यांच्या काचांवर डाग पडत, चित्रें किंचित् अस्पष्ट येत, आणि धंदेवाईक लोक त्यांना हंसत. आज त्या काळच्या व्यक्तिचित्रणाची गोष्ट निघाली कीं हंसणाऱ्यांचीं नांवें कोणी घेत नाहीं, कॅमेरॉनबाईंचें घेतात. एकाच बाजूनें येणारा उजेड आणि ज्याच्यावर प्रेम आहे असा चेहरा, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांची सारी कला उभी होती.

आपल्याकडे घरांतल्या स्त्रियांचा चेहरा स्टुडिओपर्यंत जाणें ही एक अडचणच होती. राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस पडदानशीन स्त्रियांसाठीं स्वतंत्र स्टुडिओ काढला व त्याची देखरेख एका इंग्रज बाईकडे सोंपविली. श्रीमंतांची सोय झाली. परंतु ज्यांना हैदराबाद लांब आणि स्टुडिओचें भाडें त्याहून लांब, त्यांच्या घरांतल्या स्त्रिया लग्नाच्या समुदायचित्रांतल्या तिसऱ्या ओळींतच राहिल्या. शिवाय फोटो काढल्यानें आयुष्य घटतें असा समज सर्वत्र पसरलेला होता. दादासाहेब फाळके यांनीं चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोध्रा आणि बडोदें येथें छायाचित्रणाचा धंदा करून पाहिला. कॅमेरा माणसाच्या अंगांतली शक्ति ओढून घेतो या समजुतीपायीं त्यांना बडोद्यास गिऱ्हाईक मिळेना.

त्याच फाळक्यांच्या घरीं पुढें जें घडलें तें या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनीं प्रथम घरांतच कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहांत लागला, तो तयार होत असतां त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोंकें पाडीत, ती धुण्यास मदत करीत, इतक्या मंडळींचा स्वयंपाक करीत, आणि चित्रण चालू असतां पांढरी चादर धरून तासन् तास उन्हांत उभ्या राहत, असें सांगतात. ती चादर कशासाठीं? सूर्याचा उजेड सावलींतल्या चेहऱ्यावर परत टाकण्यासाठीं. हिंदी चित्रपटाच्या इतिहासांत उजेडाचें पहिलें साधन म्हणून जर कशाचा मान करावयाचा असेल, तर तो त्या घरच्या चादरीचा करावा लागेल. कृत्रिम दिव्यांचा उपयोग कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं 'सिंहगड' या १९२३ सालच्या चित्रपटांत केला. म्हणजे मराठी माणसाच्या हातीं चादर आधीं आली आणि दिवा मागाहून आला. शिकणारानेंही हाच क्रम धरणें हिताचें आहे.

या दृष्टीनें वालावलसारख्या गांवांतलें घर पाहिलें तर तें अर्धा स्टुडिओ आहे, हें लागलीच उमगतें. मंगळूरला बाझल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें तीं तांबडीं कौलें सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. त्यांच्याच मापाचें काचेचें कौल मधूनच बसवून माजघरांत उजेड आणण्याची चाल कोंकणांत घरोघर आहे. जुन्या स्टुडिओंनीं पैसे खर्चून जें काचेचें छप्पर बांधलें, त्याचीच ही लहान आवृत्ति होय. काळोख्या माजघरांत त्या एका कौलाखालीं बसलेली म्हातारी बाई पाहिली तर डोक्यावरचे पांढरे केस, कपाळ आणि गालाचीं हाडें यांवर उजेड कसा उतरतो आणि डोळ्यांच्या खोबणींत सावली कशी सांठते, हें शिकविण्यास दुसरा गुरु लागणार नाहीं. ती दोन हात मागें सरून बसली कीं डोळ्यांतली सावली कमी होते, हेंही तेथेंच कळतें.

पडवी ही त्याहून सोयीची. तिला छप्पर आहे, म्हणून डोक्यावरचें ऊन नाहीं. एक बाजू उघडी आहे, म्हणून उजेड कडेनें येतो. बसणारास उघड्या बाजूपासून दोन हातांवर बसवावें आणि तोंड उजेडाकडे अर्धें वळवावें. मग नाकाच्या सावलीकडे पाहावें. ती गालावर उतरून ओंठाच्या कोपऱ्याकडे झुकली, आणि पलीकडच्या गालावर डोळ्याखालीं उजेडाचा लहानसा त्रिकोण राहिला, कीं चेहऱ्याला उत्तम घडण आली असें समजावें. रेम्ब्रांच्या चित्रांवरून या रचनेला त्याचेंच नांव पडलें आहे. पलीकडची बाजू फार काळी वाटली तर तेथें धुतलेलें पांढरें धोतर धरावें. तें जवळ आणावें, लांब न्यावें, आणि सावली कोठें भरते व कोठें फार भरून चेहरा सपाट होतो तें पाहावें. मागें एखादी काळी घोंगडी टांगावी, पण बसणाराच्या पाठीस चिकटून नव्हे, तीनचार हात सोडून. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि पांचसहा फुटांवर असावा. त्याहून जवळ गेलें कीं नाक मोठें आणि कान लहान येतात. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एकेक ठिपका आहे ना, हें शेवटीं पाहावें. तो नसेल तर डोळे निर्जीव दिसतात.

उत्तरेच्या उजेडाविषयींचा युरोपीय नियम मात्र कोंकणांत तसाच लागू पडत नाहीं. वालावल विषुववृत्तापासून सुमारें १६ अंश उत्तरेस आहे. त्यामुळें मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य तेथें डोक्यावरून किंचित् उत्तरेकडे असतो, आणि उत्तरेच्या पडवींतही उन्हाची तिरीप येऊं शकते. पण निसर्गानें त्यावर उपायही योजला आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला कीं सारें आकाश ढगांनीं झांकून जातें, आणि विलायतेंतल्या स्टुडिओंत मलमलीचे पडदे जें काम करीत तें काम ढग करतात. पावसाळ्यांतल्या उघाडीचा उजेड चेहऱ्यासाठीं सर्वांत मऊ असतो. दुसरा भेद रंगाचा. अंगणांतली तांबडी माती आणि चिऱ्याची भिंत उजेडाला तांबूस करते, तर माडापोफळींच्या बागेंतून आलेला उजेड हिरवट असतो. रंगीत फोटोंत हनुवटीखालीं त्याची छटा उतरते. बसणाराच्या पुढें जमिनीवर एक पांढरी चादर पसरली कीं हा दोष पुष्कळ कमी होतो. पावसाच्या दमटपणानें भिंगावर बुरशी चढते, म्हणून कॅमेरा कोरड्या डब्यांत ठेवावा, ही तिसरी सूचना.

आरंभीं माणसाला तासभर बसवून ठेवणें बरें नव्हे. चित्रकलेच्या शाळांत प्लास्टरचें डोकें पुढें ठेवतात. कोंकणांत सोललेला नारळ तें काम चांगलें करतो. त्याला तीन डोळे आहेत, शेंडी आहे, आणि तो हलत नाहीं. एक आठवडा नारळ दारापासून निरनिराळ्या अंतरांवर ठेवून सावलीचा अभ्यास करावा, आणि प्रत्येक फोटोखालीं वेळ, अंतर आणि धोतराची जागा वहींत टिपावी. दिव्याचा अभ्यास त्यानंतर. एकच विजेचा दिवा घ्यावा, आणि त्याच्यापुढें कांहीं अंतरावर पातळ पांढरें कापड ताणावें. तापणारा दिवा कापडास लागूं देऊं नये. उजळलेलें कापड जितकें मोठें आणि जितकें जवळ, तितकी सावलीची कड मऊ. उघड्या दिव्याचें अंतर दुप्पट केलें कीं उजेड निम्मा होत नाहीं, एक चतुर्थांश होतो, हा नियम वहीवरच्या नोंदींवरून ताडून पाहावा. दिवसाचा उजेड आणि दिव्याचा उजेड एका चेहऱ्यावर मिसळूं नये. दोघांचे रंग निराळे असल्यानें चेहरा दोन माणसांचा वाटतो. आणि कॅमेऱ्याचें उजेडाचें माप पांढऱ्या सदऱ्यावरून किंवा काळ्या घोंगडीवरून न घेतां चेहऱ्यावरूनच घ्यावें. सांवळा चेहरा सांवळाच यावा, परंतु त्यांतली प्रत्येक छटा दिसावी, ही खरी परीक्षा आहे. काचेचा जुना दोष आतां उरलेला नाहीं. तो आपल्या डोळ्यांतही उरूं नये.

या गोष्टी गांवाला अगदीं परक्या आहेत असें समजण्याचें कारण नाहीं. वालावलकरांच्या दशावतारी मंडळींमुळें हें नांव कोंकणांत घरोघर पोंचलेलें आहे. दशावताराच्या रंगमंचावर सामान काय असतें? मागें एक पडदा, पुढें एक बाकडें, आणि उजेड. पूर्वीं मशाल, मग गॅसबत्ती, आतां विजेचे दिवे. नट आपला रंग आपणच चढवितो; रात्रीच्या उजेडांत कोणती रेघ दिसेल आणि कोणती बुडेल, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. पडदा, बाकडें आणि उजेड यांवर जर सारें वैकुंठ उभें राहतें, तर त्याच तीन गोष्टींवर एक चेहरा उभा राहण्यास हरकत नसावी.

पण मग या खटाटोपाचें प्रयोजन काय? १८८५ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया येथें तीन विद्यार्थिनींचा एक फोटो घेतला गेला. त्यांपैकीं एक जपानी, एक सिरियांतली, आणि एक आपल्या आनंदीबाई जोशी. तिघीही आपापल्या देशाच्या वेषांत. सव्वा वर्षानंतर, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, आनंदीबाई पुण्यास वारल्या. वय अवघें एकवीस वर्षांचें. डॉक्टर म्हणून त्यांना जें करावयाचें होतें तें राहून गेलें. पण त्या चेहऱ्यावरचा निर्धार आजही पाहणाराला थांबवितो. त्याच वर्षांत महाराष्ट्रांतल्या घरोघर किती तरुण स्त्रिया गेल्या असतील, त्यांचा चेहरा कोणी टिपला नाहीं. त्यांच्या मुलांनीं आई कशी होती हें दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलें, आणि ज्यांनीं तिला पाहिलें होतें ते गेल्यावर तेंही ऐकूं येईनासें झालें.

आज प्रत्येक घरांत फोन आहे आणि प्रत्येक फोनमध्यें कॅमेरा आहे. फोटो हजारोंनीं निघतात. परंतु वडील माणसाचा अंतकाळ झाल्यावर भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो शोधूं लागलें, तर पुन्हां कोणाच्या तरी लग्नांतलाच चेहरा उचलून मोठा करण्याची पाळी येते. कारण फोटो काढणें सोपें झालें तरी त्या माणसापुढें अर्धा तास बसून त्याच्याकडे पाहणें सोपें झालेलें नाहीं. घरीं शिकलेल्या छायाचित्रणाची खरी कमाई हा अर्धा तास आहे. स्टुडिओवाल्याला तो चेहरा परका होता, वेळ थोडा होता आणि गिऱ्हाईक पुढें उभें होतें. घरच्या माणसाला यांपैकीं कोणतीच अडचण नाहीं. आजी पडवींत तांदूळ निवडीत बसली असतां उजेड तिच्या कोणत्या गालावर पडतो, ती हंसण्यापूर्वीं डोळे कसे बारीक करते, चष्मा काढल्यावर नाकावर कोणत्या खुणा राहतात, हें त्याला ठाऊक असतें, किंवा असावयास हवें. एखाद्या सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं तिला दाराशीं बसवावें, पलीकडे धुतलेलें धोतर धरण्यास नातवाला उभें करावें, आणि बोलतां बोलतां चित्र घ्यावें. तें कागदावर छापून, मागें पेन्सिलीनें नांव, गांव आणि तारीख लिहून, आजीच्याच हातीं द्यावें.